डावा कौल

मंत्र्याची बायको असणं वेगळं आणि मंत्रीणबाईंचा नवरा असणं वेगळं. बायकोला निदान ओटीचे खण तरी मिळतात. नवऱ्याने दुसऱ्या रांगेत बसायचं, सत्काराचे नारळ सांभाळायचे आणि कुणी विचारलंच, तर "मला काही कल्पना नाही" असं हसून सांगायचं. शुभदा आमच्या जिल्ह्याची पालकमंत्री झाल्यापासून मी ही नोकरी इमानेइतबारे करतो आहे. त्याआधी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो, तिथे निदान मुलं तरी माझं ऐकायची.

त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर आमच्या पडवीत जी बैठक झाली, तिला मी असाच चहावाला म्हणून हजर होतो. बंद खोलीत जमायला मनाई होती, कारण जिल्ह्यात कोरडा ताप शिरला होता. नाव लोकांनीच ठेवलेलं. घाम नाही, सर्दी नाही, नुसता सुका खोकला आणि फणफणता ताप. तरण्याताठ्यांना आठवडाभर आडवं पाडायचा आणि म्हाताऱ्यांना उठूच द्यायचा नाही. आठवडाबाजार बंद होते, लग्नं घरातल्या घरात लागत होती, आणि आता प्रश्न पालखीचा होता.

शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी दारोदार फिरते. ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आली की बायका ओटी भरतात आणि गावचा घाडी गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला मोठ्याने साकडं. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. 'व्हय' आल्याशिवाय घाडी पुढचं वाक्य उच्चारत नाही, आणि गाऱ्हाणं संपल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. सातोळी हे शुभदाचं माहेर, आणि तिथले घाडी म्हणजे तिचे वडील, विश्राम घाडी. ऐंशीला टेकलेले, हृदयाचं ऑपरेशन झालेले, पण आवाज असा की ओढ्यापलीकडे ऐकू जावा. सगळे त्यांना आबा म्हणतात. मी देव मानत नाही, त्यामुळे लग्न झाल्यापासून एकदाही 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं नाही. आबांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. "मास्तरानू, तुमी नुसते हात जोडा, देव समाजता," एवढंच म्हणायचे.

पडवीत दोघं समोरासमोर बसली होती. एक डॉ. नाझिया परकार, जिल्ह्याच्या साथरोग कक्षाच्या प्रमुख. दुसरे हेमंत दुदवडकर, शुभदाच्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष. हे मूळचे सातोळीचेच, त्यांची दोन हॉटेलं आहेत, आणि दरवर्षी पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतात.

"ताई, मुंबईच्या सगळ्या मंडळांनी गाड्या ठरवल्यात," दुदवडकर म्हणाले. "चाकरमानी ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. जिल्हा परिषदेची निवडणूक दोन महिन्यांवर. मुख्यमंत्री साहेब मला काल विचारत होते, तुमच्या बाईंना देवाचं वावडं आहे का?"

शुभदा डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, सावली काय म्हणते?"

ही सावली काय चीज आहे ते सांगायला हवं. पहिल्या मोठ्या साथीला आता वीस वर्षं होत आली. तेव्हा पुढाऱ्यांना एक मोठी सोय होती: बाजार उघडायचे, सभा घ्यायच्या, आणि नंतर "आम्हाला काय कल्पना" म्हणून हात वर करायचे. सावलीने ती सोय काढून घेतली. सावली म्हणजे आमच्या जिल्ह्याची संगणकातली नक्कल. जिल्ह्यात जितकी माणसं, तितक्या तिथे सावल्या. प्रत्येकीला वय आहे, आजार आहेत, घर आहे. ती कुठल्या एसटीने जाते, कुणाच्या ओटीवर चहाला टेकते, हे मोबाइल आणि आरोग्यकार्डावरून गोळा केलेलं. नाव मात्र कुणाचंच नाही, कायद्यानेच बंदी आहे. त्या नकली जिल्ह्यात रोगाची ठिणगी सोडायची आणि काय होतं ते बघायचं.

तेही एकदा नाही, हजारदा. कारण साथीत नशिबाचा वाटा मोठा असतो. खोकणारा माणूस एसटीत खिडकीशी बसला की मधल्या सीटवर, एवढ्यावर पुढची दहा घरं ठरतात. म्हणून प्रत्येक खेळात फासे नव्याने टाकायचे आणि हजार खेळांची सरासरी काढायची. वर्गात मी मुलांना सांगायचो, नाणं एकदा उडवून काही कळत नाही, हजारदा उडवलं की ते खोटं आहे की खरं ते कळतं.

डॉक्टरांनी भिंतीवर नकाशा दाखवला. "पालखी नेहमीसारखी फिरली तर सेहेचाळीस मृत्यू," त्या म्हणाल्या. "नाही फिरली तर पाच. मुख्य अडचण गाऱ्हाण्याची आहे. साध्या बोलण्यात तोंडातून जितके बारीक थेंब उडतात, त्याच्या कितीतरी पट ओरडताना उडतात, आणि या तापाचा विषाणू त्यांच्यावरच स्वार होऊन फिरतो. शंभर माणसं एका खळ्यात एकदम ओरडणार, मग तीच माणसं पुढच्या खळ्यात."

नकाशावर घरोघरी ठिपके होते. जिथली सावली खेळामागून खेळात मरत होती, ते घर लाल. सातोळीत देवळाला लागून एकच घर आहे, आबांचं. तिथला लाल ठिपका शुभदाला दिसला तसा मलाही दिसला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

"डॉक्टर, प्रश्न जरा बदलून विचारा ना," दुदवडकर म्हणाले. "माणसं कमी केली तर?"

"अडतीस."

"आणि मास्क लावून?"

"लोक मास्क लावून ओरडत नाहीत, खाली ओढतात. सावलीला ते माहीत आहे. एकतीस."

"पालखी खळ्याबाहेर थांबवली तर?"

"अठ्ठावीस. त्याखाली ती येत नाही."

मला आमचं देऊळ आठवलं. तिथे कौल लावतात. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न घालायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावा कौल आला की मानकरी काही घरी जात नाहीत. प्रश्न थोडा वळवून परत घालतात, कोंबडा कबूल करतात, परत घालतात. उजवी कळी पडेपर्यंत देवाची सुटका नसते. दुदवडकर त्या देवळात लहानाचे मोठे झालेले. यंत्रालाही त्यांनी तसंच घेरलं.

शेवटी ते म्हणाले, "ही हजार खेळ खेळते ना? मग त्यातला सगळ्यात चांगला खेळ कोणता?"

डॉक्टरांनी नाराजीनेच बघितलं. "एका खेळात तीन मृत्यू आहेत. पण तो एकच—"

"म्हणजे तसंही होऊ शकतं?"

"होऊ शकतं, पण हजारात एकदा."

"झालं तर. शास्त्रच म्हणतंय होऊ शकतं." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, उजवा कौल मिळाला."

शुभदा म्हणाली, "पालखी निघणार नाही. उद्या जाहीर करते."

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी दुदवडकरांना आणखी एक बशी चिवडा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर करण्याआधीच तो फोटो जिल्हाभर फिरला. बैठकीत कधीतरी दुदवडकरांनी, नाहीतर त्यांच्या ड्रायव्हरने, भिंतीवरचा नकाशा मोबाइलमध्ये टिपला होता. आणि नीट कापून फक्त सातोळी ठेवली होती. देवळाशेजारचं एकुलतं घर, त्यावर लाल ठिपका. खाली ओळ: 'मंत्र्यांच्या बापासाठी जिल्ह्याचा देव कोंडला.'

दुपारपर्यंत फाटकाबाहेर घोषणा सुरू झाल्या. एरवी ज्यांना डॉक्टरांचा आकडा पटला असता, त्यांनाही आता तो पटेना. शुभदाने डॉक्टरांना फोन लावला. "माझ्या वडिलांची सावली काढून टाका आणि परत मोजा."

"मोजलंय मॅडम. दहातल्या सहा खेळांत ती सावली जाते. ती वगळली तर सेहेचाळिसाचे पंचेचाळीस आणि वर थोडे."

"म्हणजे तसेही जाणारे पाच सोडले, तरी मी चाळीस माणसांसाठी बंद करते आहे."

"हो."

"हे मी कुणाला सांगू?"

मी म्हणालो, "सगळा नकाशा जाहीर करून टाक. बाहेर ओरडताहेत त्यांच्या घरांवरही ठिपके आहेत. बघू देत आपापल्या आयांचे."

"सर, घाटावरच्या एका तालुक्यात असाच नकाशा फुटला होता," फोनवरून डॉक्टर म्हणाल्या. "ठिपकेवाल्या घरी दूध घालणं बंद झालं. एका आजीला तिच्याच मुलांनी गोठ्यात नेऊन ठेवलं."

"गोठ्यात का होईना, जगली ना?" मी म्हणालो.

शुभदा माझ्याकडे बघत राहिली. "तुला हे गणितच दिसतं रे फक्त," ती म्हणाली. मला ते लागलं. लागायचं कारण असं की ती आजी मला खरोखरच दिसली नव्हती.

संध्याकाळच्या आत आबा आले. पुतण्याच्या रिक्षातून उतरले, पायरीवरच बसले. वर यायला तयार होईनात, पाणीसुद्धा घेईनात.

"गो बाय, खरा काय ता सांग. माझ्यासाठी पालखी बंद करतंस?"

"नाही आबा, सगळ्यांसाठी."

"लोका तसा म्हणनत नाय."

"म्हणू दे त्यांना काय म्हणायचं ते."

"तुका सोपा हा ता. माका थय ऱ्हवाचा हा. देवळात गेलंय तर लोका माझी वाट सोडतली. म्हणतली, ह्या म्हाताऱ्याक वाचवूक देव कोंडून घातल्यान. माझ्या बापाशीन, आज्यान पटकीच्या साथीतसुद्धा गाऱ्हाणा घातला. त्यापरास मेलेलो बरो गो."

"आणि तुमच्यासोबत दुसरे मेले तर?"

आबांनी जमिनीकडे बघितलं. "ता देवाच्या हातात."

"नाही ना आबा. ते माझ्या हातात आहे."

ते उठले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवायची त्यांची सवय. त्या दिवशी ठेवला नाही. ती रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभी होती, आणि आत आली तेव्हा मुख्यमंत्र्यांचा फोन वाजत होता. ती फक्त "हो साहेब" आणि "समजलं साहेब" म्हणत होती. मी शेजारी होतो. तिला थांबवण्यासारखं एक वाक्य मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. बापाला वाचवलं तर स्वार्थी, नाही वाचवलं तर निष्पक्ष, असा हा न्याय होता, आणि तो खोटा आहे हे कळूनही मला तो मोडता येईना.

पालखीला 'अटी व शर्तींसह' परवानगी निघाली. आदेशात एक वाक्य होतं: 'शास्त्रीय अंदाजानुसार मृत्यूंची संख्या तीनपर्यंत मर्यादित राहू शकते.' डॉ. परकारांनी त्याच दिवशी बदलीचा अर्ज दिला. तो मंजूर झाला नाही, साथ चालू होती.

शिमग्याला आम्ही सातोळीत गेलो. जाणं भागच होतं, नाहीतर त्याचीही बातमी झाली असती. ढोल वाजत पालखी आबांच्या खळ्यात आली, पुढच्या दांड्याखाली दुदवडकर, मास्क गळ्यात. शुभदा तोंड झाकून ओटी घेऊन उभी होती. शेजारच्या भागीकाकी पुढे सरसावल्या. शुभदाला लहानपणी न्हाऊमाखू घातलेली बाई. "मंत्री झालंस म्हणून ओटी भरूक इसारलंस काय गो? पदर घे," म्हणत त्यांनीच तिचा पदर सारखा केला. मग आबांनी टोपी नीट केली आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

शंभर छात्या एकदम फुगत होत्या आणि एकदम रिकाम्या होत होत्या. उन्हाच्या तिरिपेत मला ते थेंब दिसत होते, किंवा दिसल्यासारखे वाटत होते. भागीकाकी सगळ्यांत पुढे उभ्या राहून, मान वर करून ओरडत होत्या. मी माझ्या बायकोचा हात धरला.

पुढच्या दोन महिन्यांत त्रेचाळीस माणसं गेली. सेहेचाळीस नाही म्हणून दुदवडकरांनी पत्रकारांना सांगितलं की यंत्राचा अंदाज चुकला. आदेशातल्या तीनबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. पक्षाने जिल्हा परिषद जिंकली, दुदवडकर अध्यक्ष झाले. शुभदा मंत्रिपदावर राहिली. ती कामं करत होती, फायली बघत होती, वेळेवर जेवत होती. पडवीत बसायचं मात्र तिने सोडलं. माझ्याशी ती घरातल्या सामानाबद्दल बोलायची आणि मी सामान आणायचो. असं भांडण परवडलं असतं, ज्यात कुणी काही बोलतं.

आबांना ताप आला आणि गेला. दहातल्या सहा खेळांत गेलेली सावली; उरलेल्या चारांतला एक खेळ खरा ठरला. भागीकाकींना ताप आला आणि त्या चार दिवसांत आटोपल्या.

आबा अंथरुणातून उठल्यावर मी भेटायला गेलो. ते ओसरीवर बसून शेजारच्या बंद दाराकडे बघत होते.

"मास्तरानू, त्या नकाशार तांबडो टिपको माझ्या घरार हुतो ना?"

"होता."

"भागीच्या घरार?"

"नव्हता."

"मगे ती माझ्या जागेर गेली."

मी त्यांना समजावलं. असं कुणी कुणाच्या जागी जात नाही, ठिपका म्हणजे यमाची चिठ्ठी नव्हे, ती नुसती शक्यता असते. काकींचीही थोडी होती, ती कमी म्हणून लाल दिसली नाही. नाण्याचं उदाहरणही दिलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमचा गणित बरोबर असतला," ते म्हणाले. "पण ती माझ्या खळ्यात ओरडली. मी ओरडूक लावलंय."

संसर्गाचं इतकं सरळ वर्णन मला करता आलं नसतं, आणि त्यात त्यांच्यासाठी कसलाही दिलासा नव्हता.

पुढच्या वर्षी ताप ओसरला होता. लस आली होती, बंदी कशालाच नव्हती. सातोळीत मुंबईहून दुप्पट माणसं आली. पालखी आबांच्या खळ्यात आली तेव्हा पुढच्या दांड्याखाली अध्यक्ष दुदवडकर होते, समोर कॅमेरे होते. भागीकाकींचं दार बंद होतं, त्यांच्या उंबऱ्याशी कुणीतरी फुलं ठेवली होती. शुभदा ओटी घेऊन उभी होती. मी तिच्या मागे, हात जोडून.

आबा काठी टेकत पुढे आले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण ऐकू येत होता.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी पालखी ह्या सातोळी गावात दारोदार फिरता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"गेल्या वर्सा हीच पालखी फिरली, आणि तुझी बाळगोपाळा घराघरात आडवी झाली..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सवयीने म्हणाले, पण थोडे दबकत. काहींनी एकमेकांकडे बघितलं.

आबांनी दोन्ही हातांनी काठी धरली. "ती तू नेलंस नाय म्हाराजा. आमका आधी सांगलेला हुता. तरी आमी हट्ट केलो, माझ्या चेडवाक सही करूक लावली. मीया लावली, ह्या उभ्या असलेल्यांनी लावली. ह्यो दोष आमचो हा म्हाराजा..."

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. कुणीच 'व्हय' म्हणेना. मुंबईची पोरं मोबाइल धरून उभी होती, बायका खाली बघत होत्या.

मग शुभदा बोलली. ती मंत्री आहे, तिला माइकची सवय आहे, पण तो आवाज माइकवरचा नव्हता.

"व्हय म्हाराजा. सही मी केली."

आबांनी लेकीकडे बघितलं. पण ते पुढचं वाक्य बोलले नाहीत. एकीच्या 'व्हय'ने गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. ते वाट बघत उभे राहिले. कुणीतरी बोललं, आणि तो आवाज माझाच आहे हे मला जरा उशिरा कळलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

मागून एका बाईने म्हटलं. मग कोपऱ्यातल्या दोघा भावांनी, ज्यांची आई गेल्या वर्षी गेली होती. मग हळूहळू आणखी कुणी कुणी, एका सुरात नाही, ज्याला जसं जमलं तसं. आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत सावकाश पालखीपर्यंत आले आणि पुढच्या दांड्यापाशी थांबले.

दुदवडकरांच्या कपाळावर घाम आला होता. कॅमेरे त्यांच्यावरच होते. 'व्हय' म्हणावं तर उद्या तेच सगळीकडे दिसणार, आणि न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धवट. अर्धवट गाऱ्हाण्यावर पालखी खाली ठेवायची सातोळीत अजून कुणाची छाती झालेली नाही. ते मागे बघत होते, कुणी खांदा बदलायला येतं का म्हणून. कुणी पुढे होत नव्हतं.

देव खांद्यावर घेऊन ते उभे होते, आणि आबांना कसलीही घाई नव्हती.